लाथ न मारणारी बंदूक

हमीदभाई, तुमच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला मी मरणार होतो. एकटा नाही. तुमची लेक शमा माझ्या उजव्या हाताला दोन पावलांवर उभी होती, तिलाही बरोबर घेऊन. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि तुमच्याशिवाय यातलं बारीकसारीक कळणारा माणूस बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांत दुसरा कुणी नाही. तेव्हा ऐका. मधे बोलू नका, ही सवय तुम्हाला जिवंतपणी नव्हतीच म्हणा.

आपली ओळखच खांद्यावरून झाली. निवडणूक लागली होती, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला आम्ही रांगेत उभे होतो आणि बंदुका रिकाम्या आहेत का ते तपासायला साहेबांनी तुम्हाला तुमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानातून बोलावून घेतलं होतं. माझ्या हातात वडिलांची चारशे चार बोअरची रायफल. आमच्याकडे मेंढरं होती त्या काळात वडिलांनी ती एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून लांडग्यासाठी घेतलेली. लांडगा आवाजानंच पळायचा, गोळी त्याला कधी लागली नाही. पुढे मेंढरं गेली, अंथुर्ण्याच्या माळावर ऊस आला, मी आयटीआयमध्ये लेथ शिकवायला लागलो आणि बंदूक कपाटात राहिली. तुम्ही नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून नळीतून आभाळ बघितलंत, बोल्ट परत बसवलात आणि न विचारता माझी कॉलर बाजूला सारलीत. खांद्यावर निळा-काळा डाग होता, कारण जमा करायच्या आधी मी हौसेनं दोन बार काढले होते.

"हिनं मारलं व्हय, मास्तर?"

"सगळ्याच मोठ्या बंदुका मारत्यात की."

"न्हाय. माझी पाचशेची दुनळी हिच्याहून मोठी हाय. ती ढकलती. ही मारती. लई फरक हाय त्यात."

मी तिथल्या तिथं, रांगेत उभा राहून, तुम्हाला क्रिया आणि प्रतिक्रिया शिकवायला लागलो. गोळी जड, दारू जास्त, म्हणजे दुनळीची मागं बसणारी लाथ जास्तच असणार, खांद्याला काय वाटतं याला शास्त्रात किंमत नाही, असं सगळं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "मग रविवारी या की खाणीवर. दोघी बघू." त्या रविवारपासून एकोणीस वर्षं आपण दोघी बघत होतो. तुमची दुनळी ती थोरली, माझी रायफल ती धाकटी. माझी बायको सुमन म्हणायची, सुनांची इतकी तुलना सासूसुद्धा करत नाही.

सांगवीच्या रस्त्याला तुमची ती मुरमाची बंद पडलेली खाण, चाचणीच्या बारांसाठी परवान्यात मंजूर करून घेतलेली. तीन बाजूंना उभे कडे, समोर मातीचा बांध. मी लोखंडी पट्ट्यांवर बेअरिंगचा गाडा केला, बंदूक त्यावर आवळायची, दोरीनं घोडा ओढायचा आणि गाडा किती मागं सरकला ते खडूच्या रेघेनं मोजायचं. थोरली दर वेळी धाकटीपेक्षा हातभर जास्त सरकायची. मी जिंकायचो. तुम्ही मान डोलवायचात आणि फडक्यातून कणीक काढायचात.

तुमची कणीक! बंदुकांच्या धंद्यातला माणूस, आणि लाथ मोजायला घरून मिठाची कणीक मळून आणतो. एकाच वजनाचे गोळे, थापून जाड चानक्या केलेल्या. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये ओल्या फडक्यात चानकी धरायची आणि बार काढायचा. मग ती चानकी किती चेपली ते बघायचं. थोरलीची चानकी सगळीकडून सारखी पसरायची. धाकटीची मात्र खालच्या कोपऱ्यात कागदासारखी पातळ व्हायची, कधी फाटायची. "तुमचा गाडा खरा हाय, मास्तर," तुम्ही म्हणायचात, "पण गाड्याला हाड न्हाय." वाळवलेल्या चानक्या तुम्ही बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचात. आणि एक नियम होता, तो मला फार जाचायचा. आधीची चानकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नवी लावायची नाही. बंदूक भरून मी ताटकळत उभा आणि तुम्ही डब्यात नाक घालून मागच्या वर्षीची चानकी शोधताय. मी कितीदा तुमची टर उडवली असेल त्यावरून.

एकदा, फार वर्षांपूर्वी, बांधावर बसून डबा खाताना तुम्ही म्हणाला होतात, "लाथ मारणाऱ्या बंदुकीला भ्यायचं न्हाय. लाथ मारायची राहिली, की भ्यायचं." मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हतात. भाकरी हातात तशीच धरून तुम्ही खाणीच्या कड्याकडे बघत बसलात. का, ते मी विचारलं नाही. तुमच्या वडिलांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, हे मला माहीत होतं. त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता तो शेवटचा रविवार.

मी धाकटीच्या दस्त्याला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर बसवत होतो, पाच पदरी. तिची लाथ गोळीत नाही, दस्त्याच्या आकारात आहे, तेवढी जागा मऊ केली की ती थोरलीहून सौम्य होते, हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं. एकोणीस वर्षांचा निकाल. बावड्याचे तुमचे दोन गिऱ्हाईकही बघायला आले होते, त्यामुळे माझ्या अंगात आलं होतं. तुम्ही शेजारी बसून काडतुसं भरत होतात. असली काडतुसं आता विकत मिळत नाहीत, जुन्या पितळी पुंगळ्याच पुन्हा भरायला लागतात, आणि दारू तोलायला तुमच्याकडे तो सोनाराचा नाजूक तराजू. तो तुम्ही अगदी नाकाजवळ धरला होतात. एवढं मला दिसलं. कारागिराचा नखरा, असं मला वाटलं.

पहिला बार ठीक गेला. रबरानं थोडा फरक पडला होता, चानकी चेपली पण फाटली नाही. दुसरा बार काढला आणि हमीदभाई, मला वाटलं मी स्वर्गात आहे. खांद्याला कुणी नुसता हात लावल्यासारखं. आवाजही जरा बसका आला, पण कानात कापूस होता आणि डोक्यात विजय होता.

"बघा! बघा, रबर!" मी नाचायचाच बाकी होतो.

तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. बांधाकडे बघत होतात.

"माती उडाली न्हाय."

"जुन्या भोकात गेली आसंल."

तुम्ही माझ्या खांद्यावरची चानकी काढलीत, उलटी केलीत, सुलटी केलीत आणि कोटाच्या खिशात टाकलीत. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला हार समजलो.

"मास्तर, बंदूक हितं ठिवून जावा."

"का बरं?"

"नळी बघायचीय."

"हरला म्हणून व्हय?"

बावड्याचे दोघं हसले. तुम्ही एकदा त्यांच्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी बंदूक छातीशी धरलेली, तर तुम्ही पुढे होऊन माझ्या हातातच खटका दाबलात, बोल्ट मागे ओढून काढलात आणि तोही खिशात. "चार दिवसांनी या. एकटेच या." मी तरातरा मोटारसायकलकडे चालू लागलो. कालव्याच्या कडेनं अंथुर्ण्यापर्यंत मी तुम्हाला मोठमोठ्यानं बोलत होतो, उसाच्या ट्रॉल्या भरणारी माणसं वळून बघत होती.

चार दिवसांनी मी आलो नाही. बारामतीच्या बाजारातल्या आपल्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर मात्र गेलो आणि सगळ्यांना रंगवून सांगितलं की उस्ताद हरले, म्हणून त्यांनी माझा बोल्ट पळवला. लोक हसले. तुमच्या कानावर ते गेलं असणार, दुकान तिथून पन्नास पावलांवर. बिनबोल्टची बंदूक कपाटात उभी होती. बोल्ट नसला की नळी आरपार मोकळी असते, लहान पोरालाही कळतं. तिच्यातून एकदा खिडकीकडे बघायला किती वेळ लागला असता? पण मी कपाटच उघडलं नाही. रुसलो होतो.

बाराव्या दिवशी सकाळी शमाचा फोन आला. "काका, अब्बा गेले." पुढचं मला ऐकू आलं नाही.

जनाज्याला मी खांदा दिला. उजवाच, तो निळा पडायचा तो. तुम्ही थोरलीच्या बाजूनं बोलायचात ते मला तेव्हा कळलं. नुसतं वजन होतं, हळूहळू वाढत जाणारं. मी कबरस्तानात रडलो, मोठ्यानं रडलो, आणि तरीही हमीदभाई, तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला, जियारतला येऊन, चहाचा कप खाली ठेवून मी तुमच्या मुलीला काय विचारलं असेल? "पोरी, माझा बोल्ट हाय तुमच्याकडं." निवडणूक पुन्हा लागली होती, बोल्टशिवाय बंदूक ठाण्यात जमा करून घेत नव्हते, असं कारण माझ्याकडे तयार होतं. कारण खरं होतं. पण मी ते तिसऱ्या दिवशी काढलं.

शमानं आतून तो बिस्किटाचा डबाच आणून दिला. "मास्तर आलं की मला हाक मार, म्हणले व्हते. रोज इचारायचे, आलं का मास्तर. ह्या डब्यात ठिवलंय सगळं." मी झाकण उघडलं, फडक्यात गुंडाळलेला बोल्ट वरच होता, तो खिशात टाकला. खालच्या चानक्यांकडे बघितलंही नाही. बघवलं नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. तुम्ही बारा दिवस ज्याच्या जिवाला पहारा दिला, त्यानं तुम्ही जाताच तो पहारा उठवला, तोही तुमच्या पोरीच्या हातून.

मग मला एक कल्पना सुचली. बंदूक जमा करायच्या आधी, चाळिसावा झाला की खाणीवर जायचं आणि तुमच्या नावानं एक बार काढायचा. दुकानाच्या आणि खाणीच्या परवान्यावर शमाचंही नाव होतं, ती यायला तयार झाली. तुम्ही भरलेल्या काडतुसांतली तीन माझ्याकडे होती. रबर मी काढून टाकलं. म्हटलं, आज सगळं हमीदभाईंच्या पद्धतीनं. सुमनकडून मिठाची कणीक मळून घेतली. ती पहाटे कणीक मळताना एकदम थांबली आणि म्हणाली, "मला ह्ये बरं वाटंना. माणूस गेल्यावर त्याचा खेळ कशाला मांडायचा?" मी तिच्यावर खेकसलो.

खाणीत त्या दिवशी वारा नव्हता. तुम्ही नाही, बावड्याचे गिऱ्हाईक नाहीत, बांधावर आपल्या जुन्या भोकांचे काळे ठिपके. शमा माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली, नेहमी तुम्ही उभे राहायचात तिथं. मी काडतूस आत सरकवलं, बोल्ट पुढे ढकलून खाली वळवला. धाकटी भरली. चानकी खांद्यावर लावणार, तेवढ्यात शमा म्हणाली, "काका, आधीची बघितली न्हाय तुमी."

तुम्ही मेलात तरी तुमचा नियम जाचतोच आहे, असं मनात आलं आणि हसू आलं. बंदूक बांधाकडे तोंड करून टेकवली, शमानं बरोबर आणलेला बिस्किटाचा डबा उघडला. सगळ्यात वर शेवटची चानकी होती. मी ती उचलली आणि माझं हसू जिथल्या तिथं विरलं.

ती चेपलेलीच नव्हती. मळून थापली तेवढीच जाड, अंगावर फक्त फडक्याची वीण उमटलेली. हमीदभाई, मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. रबर धक्का पसरवतं, लांबवतं, तो गिळून टाकत नाही. पहिल्या बाराला रबर होतंच की, आणि त्या बाराची चानकी डब्यात तिच्या खालीच होती, बोटभर चेपलेली. रबर तेच, खांदा तोच, बंदूक तीच. मग दुसऱ्या बाराची लाथ गेली कुठं? लाथ नव्हती म्हणजे जोर नव्हता. जोर नव्हता म्हणजे गोळी... माती उडाली नव्हती. तुम्ही म्हणाला होतात.

मी बोल्ट वर उचलला. काडतूस काढून लांब ठेवलं, बोल्ट बाहेर ओढला आणि नळी आभाळाकडे धरली. आभाळ दिसलं नाही. काळोख. मधोमध कुठंतरी तुमची त्या रविवारची गोळी बसून होती, बावन्न दिवस, आणि मी तिच्या मागून दुसरी सोडायला निघालो होतो. नळी माझ्या तोंडाशी फुटली असती आणि उजवी बाजू शमाची होती.

मी मुरमावर बसलो. शमा विचारत राहिली, "काय झालं काका?" आणि मी तिच्या हातात नळी दिली. तिनं बघितलं. बंदुका दुरुस्त करणाऱ्याची लेक ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. नळी माझ्याकडे परत देत ती हळू म्हणाली, "अब्बांना उजव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं व्हतं. मोतीबिंदू. कुणाला सांगायचं न्हाय म्हणले, गिऱ्हाईक तुटंल. दारू कमी पडली आसंल त्यांच्या हातनं."

तिथं मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट संपली असती. चूक तुमची, तुम्ही गेलेले, मी वाचलेला. पण मला तो रविवार आठवला. सगळा आठवला. मी खाली मान घालून रबराचे स्क्रू पिळत होतो आणि तुम्ही तराजू नाकाजवळ धरून मला विचारलं होतंत, "मास्तर, काटा मधी हाय का बघा जरा." तुम्ही कधी कुणाला असं विचारत नव्हता. काय काय गिळून विचारलं असेल तुम्ही ते! आणि मी मान वर न करता म्हणालो होतो, "हाय, हाय. मधी हाय."

हे मी शमाला सांगितलं. शब्द न् शब्द.

तिनं डोळे पुसले, रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, "म्हणून 'एकटे या' म्हणले व्हते."

खरंय ना ते, हमीदभाई? त्या दोघांच्या देखत 'नळीत गोळी अडकलीय' म्हणालात की पुढचा प्रश्न यायचाच, काडतूस कुणी भरलं, आणि त्याच्या पुढचा, काटा कुणी बघितला. तुम्ही तुमचं नाव झाकत होतात की माझं? मला चार दिवसांनी एकट्याला बसवून तुम्ही काय सांगणार होतात? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तुम्ही बोलायला हवं होतं. एवढा राग मला तुमचा अजून आहे, आणि तो मी ठेवणार आहे. मी खांद्यानं तुमच्याशी एकोणीस वर्षं भांडलो, एक वाक्य तुम्ही मला सुनवायला हवं होतं.

धाकटी मी ठाण्यात जमा केली. नळी बंद आहे, बोल्ट बसवू नये, असं लेखी दिलं. परत घ्यायला जाणार नाही. टपरीवर गेलो, जिथं तुमची चेष्टा केली होती त्याच बाकावर बसलो आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं की उस्तादांनी बोल्ट पळवला नव्हता, माझा जीव ठेवून घेतला होता, आणि गोळी अडकली ती माझ्यामुळे. कसं, ते विचारलं त्यांनी. ज्यानं काटा बघायचा त्यानं बघितला नाही, असं म्हणालो. तुमच्या डोळ्याचं काही बोललो नाही.

तिथून दुकानात गेलो. शमा हिशेबाच्या वह्या बांधत होती, दुकान बंद करायचं म्हणते. तुमचा तराजू खिडकीत होता, तुम्ही ठेवलात तसाच, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात तळाशी चिकटलेली चिमूटभर दारू. मी चष्मा लावला. खाली वाकून, डोळे काट्याच्या रेषेत आणून, नीट बघितलं.

न्हाय, हमीदभाई. काटा मधी न्हाय.